घरच्या घरी कॉकपिट: पुण्यात, खिशाला झेपेल असं

फ्लाइट सिम्युलेटरचा नाद लागला की पहिला पैसा हमखास स्क्रीनवर जातो. मग योकसाठी (विमान वळवायच्या हँडलसाठी) काही उरत नाही आणि तीन मॉनिटरसमोर बसून माणूस कीबोर्डच्या बाणांनी विमान उतरवत राहतो. माझं मत उलट आहे: आधी पाय, मग हात, डोळे सगळ्यात शेवटी. पायाखालचा रडर (शेपटीवरचं सुकाणू फिरवणारी पेडलं) जोर मागायला लागला आणि योक हातात भरला की साधी बत्तीस इंची स्क्रीनसुद्धा पुरते.

खाली जे सांगतोय ते संगणक घरात आहे असं धरून. बाकीचं सामान वीस-पंचवीस हजारांत बसवता येतं, अट एवढीच की सगळं एकदम घ्यायचं नाही आणि पेठांमध्ये पायपीट करायची तयारी हवी.

आधी विमान ठरवा

"सगळी विमानं उडवता येतील असं कॉकपिट" हा विचार डोक्यातून काढून टाका. एअरबसला साइडस्टिक (बाजूचा छोटा दांडा) असते, बोइंगला योक आणि बऱ्याच लढाऊ विमानांना मांड्यांच्या मध्ये दांडा. तिन्ही एकत्र करायला गेलं की एकही धड होत नाही.

पहिल्या कॉकपिटसाठी सेस्ना १७२ हे छोटं विमान घ्या. इंजिन एक, योक, दोन ओढ-ढकल नॉब (काळा थ्रॉटल म्हणजे इंजिनचा जोर, लाल मिक्श्चर म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण), एक ट्रिम व्हील (योकवरचा ताण घालवणारं चाक), फ्लॅपचा म्हणजे पंखांमागच्या झडपांचा एक खटका आणि डझनभर स्विच, बस. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन १२ आणि फ्लाइटगिअर या तिन्हींत हे विमान आयतं मिळतं. यातलं फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. एक्स-प्लेनची चाचणी आवृत्तीही फुकट उतरवता येते. कॉकपिट जमेपर्यंत विकतचं सॉफ्टवेअर घ्यायची घाई करू नका.

याहून स्वस्तात काम करायचं असेल तर ग्लायडर आहे. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे पुणेकरांना ते नवीन नाही. इंजिनच नसल्यामुळे थ्रॉटलचा प्रश्न मिटतो. दांडा, रडर आणि स्पॉइलरचा (उतरताना पंखावर उघडणाऱ्या पट्टीचा) एक लिव्हर एवढ्यात काम होतं. अकरावी-बारावीतल्या पोरासाठी मी तरी तेच सुचवेन.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच: या कॉकपिटमध्ये घालवलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेलंच यंत्र लागतं. चेकलिस्टची सवय आणि हातापायांचा मेळ मात्र घरी नक्की बसतो.

पुठ्ठ्याचं कॉकपिट

लाकूड कापण्याआधी फ्रिज किंवा वॉशिंग मशिनचा रिकामा खोका मिळवा. पॅनेलचं पूर्ण मापाचं चित्र नकाशे छापणाऱ्या दुकानातून प्लॉटरवर काढून आणा आणि खोक्यावर चिकटवा. योकच्या जागी स्टीलची ताटली टेपने लावली तरी चालेल. समोर खुर्ची ठेवा आणि तासभर बसून एखादं उड्डाणाचं चित्रीकरण बघत हात फिरवा.

या तासात तीन मापं पक्की होतात. योक पूर्ण ओढल्यावर पोटाला आणि पूर्ण फिरवल्यावर मांडीला लागता कामा नये. मांडीच्या वर निदान चार बोटं जागा हवी. एक पेडल शेवटपर्यंत दाबल्यावरही त्या पायाचा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आणि मिक्श्चरच्या नॉबपर्यंत पोचताना पाठ सीटवरून उचलावी लागू नये. नेटवर मिळणाऱ्या आराखड्यांची मापं बहुधा परदेशी उंचीच्या माणसांची असतात; ती उतरवून घेण्यापेक्षा स्वतःची घ्या.

सांगाडा: दारातून आत जाईल असा

फ्लॅटमधल्या बेडरूमचं दार जेमतेम अडीच फुटी असतं, लिफ्टही तशीच. शिवाय भाड्याचं घर असेल तर अकरा महिन्यांचा करार संपल्यावर हे सगळं उचलावं लागणार. म्हणून तीन तुकडे करा: सीटचा पाट, पेडलची पेटी आणि पॅनेलचा स्टँड. तिन्ही एकमेकांना आठ मिलिमीटरच्या बोल्टने जोडा. स्क्रू वारंवार काढले-घातले की प्लायमधली भोकं सैल होतात. बोल्टला ती भीती नाही.

अठरा मिलिमीटरचा कमर्शियल प्लाय, आठ बाय चारची एक शीट, यात सगळं बसतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात कटिंगचा कागद आधी तयार करून न्या. सरळ काप दुकानातच मारून घेतलेले बरे, घरच्या जिगसॉने ते तेवढे सरळ येत नाहीत. लाकडाचा कंटाळा असेल तर रॅकला वापरतात तो स्लॉटेड अँगल हा उत्तम पर्याय. भोकं आयतीच असतात, त्यामुळे पेडल पुढे-मागे सरकवायला बोल्टची जागा बदलली की झालं. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेलात तर वापरलेला अँगल स्वस्तात सुटतो. गंज बघून घ्या, वाकलेला घेऊ नका.

सीटसाठी ऑफिसची चाकाची खुर्ची नको. पेडल दाबलं की ती मागे पळते. मोडीत निघालेल्या छोट्या मोटारीचं पुढचं सीट शोधा आणि ते त्याच्या सरकत्या रुळांसकट मागा. रूळ असला की घरातला कोणीही आपल्या उंचीप्रमाणे बसू शकतो.

पाटाखाली जाड रबरी चटई घाला. पेडलचा प्रत्येक ठोका स्लॅबमधून खालच्या मजल्यावर पोचतो आणि रात्री अकराला तुम्ही काय उतरवताय हे खालच्या काकूंना समजावणं सोपं नाही.

पेडल: इथे कंजूषी नको

बहुतेक जण रडर पेडल "नंतर बघू" म्हणून सोडतात आणि विमान कायम घसरत वळवायची सवय लावून घेतात. सेस्ना टेकऑफच्या वेळी डावीकडे ओढते. उजव्या पायाने तिला सरळ ठेवणं हा पहिला धडा, तो जॉयस्टिक पिळून येत नाही.

रचना सोपी आहे. मध्ये एक आडवा दांडा, त्याच्या मधोमध खुंटी, दोन टोकांना पेडल. एक पुढे गेलं की दुसरं मागे येतं. खुंटीला नुसता बोल्ट नको, बेअरिंग हवं. ६०८ नंबरचं बेअरिंग (आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर) कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एकावर एक अशी दोन बसवा, म्हणजे दांडा वरखाली डुलत नाही. वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) लावा; साधा नट आठवड्याभरात ढिला होतो.

स्प्रिंगसाठी नाना पेठ गाठा. दुचाकीच्या स्टँडची स्प्रिंग या कामाला अगदी योग्य. दोन घ्या, दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि पेडल मध्यावर असतानाच दोन्ही थोड्या ताणलेल्या राहतील अशा बसवा. मध्यावर स्प्रिंग सैल असली तर तिथे पायाला पोकळी जाणवते आणि विमान धावपट्टीवर नागमोडी पळतं.

आता सेन्सर. नेहमीचा पोटेन्शिओमीटर (आवाजाच्या नॉबखाली असतो तसा फिरता रोधक) सुमारे ३०० अंश फिरतो, पण आपला दांडा दोन्ही बाजू मिळून जेमतेम ४५ अंश हलतो. आर्डुइनो (सेन्सर वाचून संगणकाला कळवणारा छोटा बोर्ड) ते पूर्ण फिरणं १०२४ पायऱ्यांत मोजतो, म्हणजे आपल्या हाती जेमतेम दीडशे पायऱ्या लागतात. शिवाय आतली कार्बनची पट्टी त्याच जागी घासून घासून खराब होते. त्यामुळे पेडलला हॉल सेन्सर लावा. तो चुंबकाचं क्षेत्र मोजतो, काहीच घासत नाही. खुंटीच्या टोकावर दोन छोटी निओडिमियम चुंबकं समोरासमोर, विरुद्ध ध्रुव एकमेकांकडे करून बसवायची आणि त्यांच्या मधल्या फटीत सेन्सर स्थिर ठेवायचा.

दुकानात मागताना '४९ई' असंच म्हणा. नुसतं "हॉल सेन्सर द्या" म्हटलं तर बरेचदा ३१४४ हातात पडतो. दिसायला दोन्ही सारखे, तीन पायांचे काळे ठिपके. पण ३१४४ फक्त चालू-बंद सांगतो. घरी आल्यावर ५ व्होल्ट देऊन मल्टिमीटर लावा. ४९ई जवळ चुंबक नसताना अडीच व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि चुंबक जवळ नेलं की आकडा हळूहळू सरकतो. तसं न होता दोनच स्थिती दिसल्या तर सेन्सर चुकीचा आहे.

पंजाचे ब्रेक (पेडलचा वरचा भाग पंजाने दाबून लागणारे) पहिल्या फेरीत करू नका. ब्रेकसाठी योकवर एक बटण पुरतं. पंजाचे ब्रेक नंतर कधीही वाढवता येतात, फक्त पेडलच्या फळीला खालच्या बाजूने बिजागरी लावून ठेवा.

योक

योक दोन कामं करतो: फिरतो आणि आत-बाहेर सरकतो. दोन्ही एकाच नळीकडून करून घ्यायला गेलं की ती अडकते. त्यापेक्षा कामं वाटून द्या. एक छोटी गाडी बनवा, ती ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनलवर पुढे-मागे सरकेल. आणि त्या गाडीवर दोन पेडस्टल बेअरिंग, ज्यांत योकचा दांडा फक्त फिरेल. चॅनलची जोडी चांगल्या कंपनीची घ्या. हलका चॅनल आडवा हलतो आणि तो खुळखुळाट थेट हाताला कळतो.

दांडा घेताना व्हर्निअर (बारीक माप घेणारी पट्टी) खिशात हवा. बेअरिंग मिळतात मिलिमीटरमध्ये, पाइप मिळतात इंचात. पाऊण इंची पाइप १९.०५ मिलिमीटरचा असतो, तो २० च्या बेअरिंगमध्ये डुगडुगतो. एक इंची पाइप २५.४ चा, तो २५ च्या बेअरिंगमध्ये शिरतच नाही. एखादा लेथवाला गाठून इंची पाइपची टोकं २५ वर उतरवून घ्या. किरकोळ काम आहे. भोसरीत असे छोटे वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत, पण शनिवारी दुपारी जा. ऑर्डरच्या घाईत तुमचा एक पाइप कोणी हातात घेणार नाही.

पाइप पोकळ हवा तो वायरींसाठी. योकवर निदान ट्रिमचा खटका आणि बोलण्याचं बटण येतं. त्यांच्या वायरी पाइपमधून मागे काढायच्या आणि मागे एक सैल वेटोळं सोडायचं, नाहीतर योक फिरवून फिरवून त्या तुटतात.

फिरणाऱ्या बाजूला दोन्हीकडे ९० अंशांवर अडसर द्या. इथे मात्र पोटेन्शिओमीटर चालतो, कारण १८० अंश म्हणजे त्याच्या फिरण्याचा निम्म्याहून जास्त भाग वापरला जातो. 'बी १० के' असं लिहिलेला घ्या, तो सरळ प्रमाणात बदलतो. 'ए' अक्षराचा आवाजाच्या नॉबसाठी असतो. तो लावलात तर एका बाजूला विमान सुस्त आणि दुसरीकडे चपळ वाटेल. योकची मूठ प्लायच्या दोन थरांची कापून, कडा घासून, वर सायकलच्या हँडलची टेप गुंडाळली की झाली.

एवढी सुतारकी नको असेल तर साध्या पिळाच्या जॉयस्टिकने सुरू करा. काही हरकत नाही. पेडल मात्र सोडू नका.

थ्रॉटल आणि मिक्श्चर

याला फार डोकं लावायची गरज नाही. मिक्सरमध्ये असतात तसे सरकते पोटेन्शिओमीटर दोन घ्या, त्यांना आठ मिलिमीटरचे दांडे जोडा, टोकाला एक काळा आणि एक लाल नॉब. पॅनेलच्या भोकात फेल्टचा वॉशर घातला की दांडा जिथे सोडाल तिथे राहतो.

पॅनेल

खऱ्या विमानातल्या गोल घड्याळांचं (वेग, उंची वगैरे दाखवणाऱ्या तबकड्यांचं) प्रमाणित भोक सव्वातीन इंचाला थोडं कमी, ३.१२५ इंच म्हणजे ७९.४ मिलिमीटर असतं. प्रत्येक घड्याळ सुटं बनवायच्या भानगडीत पडू नका. बुधवार पेठेत किंवा जुन्या संगणकांच्या दुकानात १९ इंची चौकोनी मॉनिटर मातीमोल भावात मिळतो. त्याची स्क्रीन सुमारे ३७ बाय ३० सेंटिमीटर असते, म्हणजे सहाही मुख्य घड्याळं खऱ्या मापात बसून वर जागा उरते. पुढे सहा मिलिमीटरच्या एमडीएफचा मुखवटा, त्यात सहा गोल भोकं. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये उजवी आल्ट दाबून उपकरणावर क्लिक केलं की अनेक विमानांत ते वेगळ्या खिडकीत बाहेर येतं. ती खिडकी या मॉनिटरवर ओढून न्यायची. मुखवटा सही-बोर्ड बनवणाऱ्यांकडे लेझरवर कापून घ्या. होल सॉने घरी कापता येतो, पण सहा भोकं एका रेषेत आणणं हे चिकाटीचं काम.

स्विच साधे टॉगल, सहा मिलिमीटरच्या भोकातले छोटे. पंचवीस-पन्नास रुपयांना एक मिळतो. तापकीर गल्ली आणि तिच्या आसपास फिरताना प्रत्येक जातीचे दोन जास्त घ्या. मॅग्नेटोसाठी (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेसाठी) पाच जागांचा रोटरी स्विच लागतो: बंद, उजवा, डावा, दोन्ही, स्टार्ट. खऱ्या विमानात स्टार्टवरून किल्ली आपोआप मागे येते, बाजारातला रोटरी येत नाही. म्हणून स्टार्टला वेगळं बटण द्या.

वायरिंग

इथे नवशिके घाबरतात, खरं तर घाबरण्यासारखं काही नाही. आर्डुइनो प्रो मायक्रो घ्या, ५ व्होल्टचा. त्यातली चिप यूएसबीवर स्वतःची ओळख थेट जॉयस्टिक म्हणून करून देते. युनो बोर्ड ते करत नाही, म्हणून स्वस्त मिळाला तरी या कामाला नको. प्रो मायक्रोचं एकच दुखणं आहे: त्याचा यूएसबीचा सॉकेट हलक्या हिसक्याने बोर्डवरून उखडतो. जोडण्याआधीच त्याच्या कडांना एपॉक्सी लावून टाका.

स्विच जास्त असतील तर प्रत्येकाला वेगळी पिन देत बसू नका. पाच ओळी आणि पाच रकाने अशी जाळी केली की दहा पिनांवर पंचवीस स्विच बसतात. प्रत्येक स्विचला एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच. तो वगळलात तर तीन स्विच एकत्र दाबल्यावर चौथा न दाबताच चालू होतो, आणि तो नेमका कुठून येतोय हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

वायरीसाठी लॅन केबल चांगली आणि स्वस्त. तिच्यात आठ वायरी, रंग वेगवेगळे. हलणाऱ्या भागांसाठी मात्र बारीक तारांची लवचिक केबल घ्या, एकसंध तांब्याची तार वाकून तुटते. सेन्सरचा आकडा स्क्रीनवर थरथरत असेल तर त्याच्या सिग्नलच्या पायापासून ग्राउंडपर्यंत '१०४' लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर लावा.

सॉफ्टवेअर म्हणून मोबीफ्लाइट हा मोफत प्रोग्रॅम बघा. तो मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला आणि एक्स-प्लेनला जोडता येतो. टॉगल वर गेला की एक आज्ञा आणि खाली आला की दुसरी, असं त्यात देता येतं. हे नसलं की एक त्रास हमखास होतो: स्विच खाली आणि स्क्रीनवरचा दिवा चालू. प्रत्येक जोडणी झाल्यावर विंडोजच्या रन खिडकीत 'जॉय डॉट सीपीएल' ही आज्ञा इंग्रजीत टाइप करून तपासा. सगळं सोल्डर करून मग एकदम तपासू नका.

पुण्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज जाण्याचा वार. संगणकाला छोटा यूपीएस असू द्या.

आता पडदा

एक स्क्रीन आणि वेबकॅम. ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्रॅम साध्या वेबकॅमवरून डोकं कुठे वळलंय ते ओळखतो आणि सिम्युलेटरमधली नजर तिकडे फिरवतो. धावपट्टीकडे वळताना मान डावीकडे वळवून बघता येणं हे दोन जादा मॉनिटरपेक्षा जास्त उपयोगाचं आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दृश्याचा कोन खऱ्याच्या जवळ ठेवा. बत्तीस इंची स्क्रीन सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद असते. डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर ठेवली तर तिचा खरा कोन साधारण ५४ अंश येतो. सॉफ्टवेअरमध्ये तो ९० करून ठेवला की जास्त दिसतं हे खरं, पण धावपट्टी दूर आणि बारीक वाटते आणि विमान टेकवण्याचा अंदाज दरवेळी चुकतो. साठ-पासष्टवर तडजोड करा. टीव्ही वापरत असाल तर त्याचा गेम मोड चालू करा, नाहीतर हात हलल्यावर चित्र मागून येतं.

सेटिंग आणि लोहगाव

पहिलं उड्डाण लोहगावहून करा. सिम्युलेटरमध्ये व्हीएपीओ हा या विमानतळाचा कोड शोधा. धावपट्टी १०/२८, समुद्रसपाटीपासून उंची १९४२ फूट. जमिनीवर उभं असताना दाब बरोबर लावला की उंचीमापक जवळपास तेवढंच दाखवेल. मॉनिटरवरचं घड्याळ नीट चालतंय का याची ती सोपी तपासणी.

सेन्सिटिव्हिटीच्या वक्ररेषा सरळ ठेवा, मृत पट्टा (मध्यावर योक हलला तरी विमान दाद देत नाही तेवढा भाग) दोन-तीन टक्क्यांहून जास्त नको. मोठा मृत पट्टा लागत असेल तर दोष स्प्रिंगमध्ये आहे. तो सॉफ्टवेअरने झाकू नका. ५५ नॉटला नाक उचला, ७४ ठेवून वर चढा, उजवा पाय विसरू नका. ३००० फुटांवर सरळ करा, ट्रिम फिरवा आणि योक सोडून द्या. विमान मिनिटभर स्वतःहून सरळ राहिलं तर योकचा मध्य जुळला आहे. एकाच बाजूला कलत राहिलं तर पोटेन्शिओमीटरची कपलिंग सैल आहे का ते बघा.

मग खडकवासल्याच्या दिशेने निघा, पण त्याआधी उंची वाढवा. सिंहगडाचा माथा सुमारे ४३०० फुटांवर आहे आणि ३००० फुटांवरून बघताना तो तुमच्या वर असतो.

महिन्याभराने सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पावसाळ्यात एमडीएफ कडांनी फुगतो, म्हणून जूनच्या आत पॅनेलच्या कापलेल्या कडांना आणि भोकांना आतून दोन हात वॉर्निश मारून घ्या.